अण्णांची कळशी

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळी सात. बंगळूरचा सँकी टँक, म्हणजे तलाव, त्याच्या मागच्या गेटजवळची बाकाशेजारची मोकळी जागा. हजर: राव सर, बँकेतून निवृत्त, विनया, दातांची डॉक्टर, निनाद, जो बेळ्ळंदूरहून अख्खं शहर ओलांडून येतो आणि तरी सगळ्यांच्या आधी पोचतो, अक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी, पहिल्यांदाच, आणि मी. गेटबाहेर, गाडीत: वैदेही, अण्णांची मुलगी. तिला हजर धरायचं की गैरहजर, ते ठरलं नाही.

अण्णांना जाऊन त्या आठवड्यात वर्ष झालं. भाषणं करायची नाहीत, हे आम्ही आधीच ठरवलं होतं, कारण अण्णांना भाषणं सोसत नसत. कुणी उभं राहून बोलायला लागलं की ते शांतपणे त्याचं मनगट धरून नाडी मोजायला लागत. समोरचा दोन वाक्यांत आटोपतं घेई. म्हणून विषय दोनच ठेवले. एक, आता मिनिट कोण लावणार. दोन, स्टॉपवॉच कुणाकडे राहणार.

हे मिनिट म्हणजे काय, ते सांगायला हवं.

पुण्याहून बदली होऊन मी मल्लेश्वरमला राहायला आले, तेव्हा सकाळी टँकभोवती चालायला जायचे. एका सकाळी याच जागी चारपाच माणसं गोल करून, मनगटावर दोन बोटं ठेवून, खाली मान घालून उभी दिसली. मला वाटलं कसला तरी पंथ असावा. मी एकटीच फसले होते असं नाही. एक म्हाताऱ्या आजी चालता चालता थांबल्या आणि हात जोडून त्यांच्यात जाऊन उभ्या राहिल्या. मधोमध एक उंच, वाळलेला माणूस हातात किल्लीचं जुनं स्टॉपवॉच घेऊन उभा होता. ‘आय्तु,’ तो म्हणाला, म्हणजे झालं. सगळ्यांनी आपापला आकडा मोठ्याने सांगितला. आजींनी ओंजळ पुढे केली. त्या माणसाने खिशातून एक केळं काढून त्यांना दिलं. पळायच्या आधी खायचं त्याचं स्वतःचं केळं होतं ते. आजींनी ते कपाळाला लावलं आणि गेल्या. मग तो माझ्याकडे वळला.

‘तुम्ही का नुसत्या बघताय? हात रिकामेच आहेत की.’

ते अण्णा. त्यांचं घराणं बंगळूरला इतक्या पिढ्या आहे, की मूळ गाव कोणतं असं विचारलं की ते ‘अठरावा क्रॉस’, म्हणजे मल्लेश्वरममधली आपली गल्लीच, सांगत. घरात मराठी, पण तिच्यात कन्नड असं मिसळलेलं की कुठलं काय ते त्यांनाही सांगता येत नसे. नवऱ्याला सगळं जग अण्णा म्हणतं आणि बायकोला अक्का, म्हणजे थोरला भाऊ आणि थोरली बहीण, याचं मला पहिलं वर्षभर हसू येई. अक्कांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तेवढंच उरतं गं.’ वैदेहीसुद्धा वडिलांना अण्णाच म्हणायची.

मला ते सेक्रेटरी म्हणत. मी खरेदी विभागात काम करते आणि याद्या केल्याशिवाय मला चैन पडत नाही. पहिल्याच आठवड्यात मी गटाची फोन नंबरांची यादी करून सगळ्यांना पाठवली, तेव्हापासून ते नाव चिकटलं.

अण्णा चाळीस वर्षं रोज पळत होते. पाऊस असो, पाहुणे असोत, स्वतःच्या मुलीचं बारसं असो. स्पर्धेत मात्र एकदाही उतरले नाहीत. ‘टी-शर्ट घरी आहेत,’ एवढंच कारण देत. आणि पळायचे हळू. त्यांचा नियम असा, की पळताना सबंध वाक्य बोलता आलं पाहिजे. निनादला पहिल्यांदा धाप लागली तेव्हा ते त्याच्या शेजारी येऊन म्हणाले, ‘काल काय जेवलास ते सांग. पूर्ण सांग. भाजी कुठली?’ निनादला ‘भेंडी’ एवढंच म्हणता आलं. ‘मग हळू हो. भेंडीच्या पुढे जाता आलं पाहिजे.’

त्यांचं लक्ष आकड्यापेक्षा आकड्यातल्या फरकावर असे. कुणाचा जास्त, कुणाचा कमी, याचं त्यांना काही नव्हतं. पण काल होता त्यापेक्षा आज वेगळा आला की चौकशी सुरू.

‘रात्री काय केलंस?’

‘काही नाही, अण्णा.’

‘सरी,’ म्हणजे बरं. ‘आणि ते काही नाही किती वाजता संपलं?’

एकदा राव सरांना त्यांनी नुसत्या आकड्यावरून घरी परत पाठवलं. राव सर फुरंगटून गेले आणि संध्याकाळी तापाने फणफणले. तेव्हापासून ते अण्णांचं ऐकायचे, पण फुरंगटणं चालूच राहिलं.

लग्नाच्या स्वागतसमारंभात अण्णांना पुढे सोडायचं नाही, अशी अक्कांची सक्त ताकीद असे. हात मिळवायला म्हणून ते हात पुढे करत आणि बोटं सरकून मनगटावर जात. एका नवरदेवाला त्यांनी व्हिडिओवाल्यासमोर सांगितलं होतं, ‘स्वल्प जास्त आहे. पण आजच्या दिवशी चालेल.’ स्वल्प हा त्यांचा आवडता शब्द. थोडं, जरा, किंचित, सगळ्याला तोच.

त्यांचा स्वतःचा आकडा आम्हा सगळ्यांपेक्षा फारच कमी असे. तो ते शेवटी सांगत आणि सांगताना आवाज मुद्दाम साधा ठेवत. नवीन माणूस हमखास दचके. मग कळशीची गोष्ट निघे.

‘हंडा भरायचा आहे,’ ते म्हणत. ‘तुझ्याकडे तांब्या आहे, माझ्याकडे कळशी. तुला दहादा वाकावं लागतं, मला चारदा. पाणी तेवढंच. रोज पळून पळून हृदयाचा डावा कप्पा मोठा होतो, भिंती स्वल्प जाड होतात, एका ठोक्याला जास्त रक्त जातं. मग घाई कशाला? ते आरामात काम करतं, सरकारी ऑफिससारखं.’

‘म्हणजे इंजिनासारखंच झालं की,’ निनाद एकदा म्हणाला. अण्णांची नोकरी विमानाची इंजिनं तपासायची होती, म्हणून त्याने मान देण्यासाठी ही तुलना केली.

‘नाही,’ अण्णा म्हणाले. ‘इंजिन चालवलं की झिजतं. हे चालवलं की वाढतं. त्यामुळे इंजिनवाल्यांनी याबद्दल कमी बोलावं.’ आणि त्यानंतर ते टँकच्या दोन फेऱ्या त्याबद्दलच बोलले.

नोकरीतली एकच गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. नवं इंजिन चाचणीच्या खोलीत चालवून बघायचं, मग बंद करून पूर्ण गार होऊ द्यायचं आणि मगच उघडून आतली मापं घ्यायची. गरम असताना घेतलेलं माप खोटं, कारण उष्णतेने धातू फुगलेला असतो. एकदा बडे पाहुणे यायचे होते आणि साहेबांना मापं आधी हवी होती. अण्णांनी चाचणीच्या खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि दारासमोर स्टूल घेऊन बसले. साहेब आले, ओरडले, गेले, परत आले. अण्णा म्हणाले, ‘सर, तुम्हाला आकडा हवा आहे की माप?’ बढती पुढच्या वर्षावर गेली. हे सांगताना त्यांना जो आनंद होई तो बढती मिळाल्याचा असावा तसा.

हा नियम ते सगळ्याला लावत. राव सरांचं शेजाऱ्याशी पार्किंगवरून वाजलं, तर अण्णांचा सल्ला, ‘गरम आहे. मोजू नका.’ मी कामावरचा राग घेऊन आले की तेच. विनया म्हणायची, अण्णांच्या घरी कॉफीसुद्धा गार होते.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, आणि एका डोळ्याच्या मोतीबिंदूने ते बिघडवलं.

शस्त्रक्रिया किरकोळ होती, पण आधी हृदयाचा आलेख काढावा लागतो. अण्णांबरोबर मी गेले होते, कारण अक्कांचा गुडघा दुखत होता आणि वैदेही कामावर होती. आलेख काढणाऱ्या मुलीने एकदा काढला, यंत्राच्या वायरी हलवून बघितल्या, पुन्हा काढला.

‘यंत्र बरोबर आहे, मुली,’ अण्णा झोपल्या झोपल्या म्हणाले. ‘मीच असा आहे.’

ते खुशीत होते. भूल देणारे डॉक्टर आले, आलेख बघितला आणि शस्त्रक्रिया थांबवली, तरी ते खुशीतच होते. घरी येताना ऑटोवाल्यालाही त्यांनी कळशीची गोष्ट सांगितली. ऑटोवाला म्हणाला, ‘सरी सार, पण मीटरवर वीस जास्त द्या.’

हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडेही मीच बरोबर होते; तिथे मात्र ती खुशी उतरली. त्या तरुण होत्या, मोजकं बोलणाऱ्या, आणि अण्णांचं कळशीचं व्याख्यान त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग सोनोग्राफीचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

‘तुम्ही म्हणता ते खरं आहे. कप्पा मोठा आहे, नाडी संथ आहे, हे सगळं पळण्याने होतं. भिंतीही पळण्याने जाड होतात. पण तुमच्या जितक्या जाड झाल्या आहेत, तितक्या एका आजारातही होतात. तो आजार घराण्यात चालतो. तुमचं माप बरोबर मधल्या पट्ट्यात आहे. नुसतं बघून मला सांगता येत नाही.’ मग त्यांनी विचारलं, ‘घरात कुणी अचानक गेलं आहे?’

अण्णांचे थोरले बंधू चाळिशीत बॅडमिंटन खेळताना कोसळले होते. हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. अण्णांनी ते इतक्या साधेपणाने सांगितलं की आपला आकडा सांगत असावेत असं वाटलं. पळायला त्यांनी सुरुवात केली ती त्याच वर्षी, हे मला तेव्हा उमगलं. इतके दिवस आम्ही समजत होतो की त्यांना पळायची आवड आहे.

‘मुलं?’

‘एक मुलगी.’

‘ती काय करते?’

‘एचएसआर लेआउटला असते. कंप्युटरमध्ये.’ आणि मग, ‘पळते. पहिल्या मॅरेथॉनची तयारी चालू आहे.’

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, एमआरआय वगैरे सगळं करू, पण अशा वेळी सर्वांत बोलकी तपासणी म्हणजे थांबणं. तीन महिने पळणं पूर्ण बंद. धावणं नाही, सायकल नाही, चढ नाही, जोराचं चालणं नाही. पळण्याने जाड झालेल्या भिंती पळणं थांबलं की उतरतात. आजाराच्या असतील तर उतरणार नाहीत. मुलीची तपासणी लगेच करू, पण ती आत्ता ठीक आली तरी वडिलांचं कळेपर्यंत तिने जोर करायचा नाही.

अण्णांनी फक्त एक प्रश्न विचारला. ‘म्हणजे भिंत उतरली तर मी बरा?’

‘हो.’

‘आणि ती?’

‘मग तिलाही तुमच्याकडून काही येण्याची भीती जवळजवळ राहत नाही.’

‘सरी,’ अण्णा म्हणाले.

वैदेहीची तपासणी चांगली आली. तरी तिने मॅरेथॉनमधून नाव काढून घेतलं. मोतीबिंदू पुढे ढकलला. अण्णा सकाळी टँकवर येत, मिनिट लावत आणि आम्ही पळत असताना बाकावर बसत. एका डोळ्याने धूसर दिसत असल्यामुळे कोण कुठे पोचलं ते त्यांना पावलांच्या आवाजावरून ओळखावं लागे. ‘राव सर, टाच घासताय,’ असं बाकावरून ओरडत. पहिला पंधरवडा त्यांनी असा काढला, की मला वाटलं हे जमलं.

मग कोथिंबीर सुरू झाली.

अक्कांचा फोन आला. ‘अगं, तुमच्याकडे कोथिंबीर लागते का? पाठवून देते.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले तर ओट्यावर जुड्यांचा ढीग होता. ‘आठवडाभर कोथिंबिरीच्या वड्या झाल्या, भात झाला, आंबटगोड गोज्जु झालं,’ अक्का म्हणाल्या. ‘हे सकाळी जातात आणि जुडी घेऊन येतात. मग म्हणतात, अरेच्चा, मिरच्या राहिल्या. परत जातात आणि परत जुडीच घेऊन येतात. मला वाटतं विसरायला लागले. डोळ्याचं झालं, हृदयाचं झालं, आता हे.’ त्यांचे डोळे भरले होते.

मी व्यवस्थित माणूस आहे. मी आठव्या क्रॉसच्या बाजारात गेले आणि भाजीवाल्या अम्माला विचारलं. तिने हसून तीन बोटं दाखवली. आज तिसऱ्यांदा, ती कन्नडमध्ये म्हणाली, आणि दरवेळी वरच्या रस्त्याने, चढावरून, असे, आणि तिने हात जोरजोरात हलवून दाखवले. तेवढ्यात अण्णाच आले. घामाघूम. दोन्ही हातांत पिशव्या आणि त्यांच्यात, मी नंतर बघितलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या विटा.

‘सेक्रेटरी! तुम्ही इकडे कुठे?’

‘कोथिंबीर घ्यायला,’ मी म्हणाले.

ते हसले नाहीत. आम्ही फुलवाल्यांच्या रांगेशेजारी पायरीवर बसलो. मी रागावून बोलायचं ठरवलं होतं, मुद्दे मनात मांडून ठेवले होते. पण अण्णाच आधी बोलले.

‘पळालो नाही. बाईंनी सांगितलं ते सगळं पाळलं. स्वल्प चालतो, एवढंच.’

‘जोराचं चालणं नाही, असंही त्या म्हणाल्या होत्या. चढ नाही, असंही म्हणाल्या होत्या.’

‘हो.’ मग बराच वेळ पिशवीच्या बंदाशी खेळत राहिले. ‘सेक्रेटरी, मी रोज सकाळी उठून नाडी बघतो. ती वाढायला लागली आहे. रोज एकेक. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. कुणीतरी घरातलं एकेक भांडं उचलून नेतंय आणि मी खाटेवर पडून बघतोय. मी म्हटलं, निदान कळशी तेवढी राहू दे.’

मांडून ठेवलेले मुद्दे मी बाजूला ठेवले. मी म्हणाले, ‘अण्णा, इंजिन अजून गरम आहे. तुम्ही चोरून चालवताय. बाई मोजतील ते माप असेल की नुसता आकडा?’

रस्त्यावरून बस गेली. अण्णांनी पिशव्या पायांमागे सरकवल्या.

‘भिंत नाही उतरली,’ मी पुढे म्हणाले, ‘तर ती आजारामुळे उतरली नाही की तुमच्या विटांमुळे, हे कुणालाच कळणार नाही. आणि वैदेही जन्मभर त्या न कळण्यात राहील.’

त्यांनी पिशव्या उलट्या केल्या. विटा पायरीवर नीट रचल्या, चार, एकावर एक. जुडी मला दिली. मग सरळ माझ्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे आले आणि आपण होऊन सगळं सांगितलं, विटांसकट. बाई हसू दाबत म्हणाल्या, ‘मग पहिल्यापासून मोजावं लागेल. आजपासून तीन महिने.’

‘पहिल्यापासून,’ अण्णा म्हणाले. ‘बरोबर आहे.’

त्या तीन महिन्यांतले अण्णा मी पहिल्यांदाच बघत होते. स्वयंपाकघरात अक्कांच्या समोर बसून शेंगा सोलणारे. दुपारी झोपणारे. टँकवर मिनिट लावून झाल्यावर स्वतःचा आकडा सांगायचा त्यांनी बंद केला. आम्ही कुणी विचारलं नाही. वैदेही दर रविवारी एचएसआरहून घरी यायची, बूट न आणता. बापलेक गच्चीवर बसत. ती लॅपटॉप उघडे, ते डोळे मिटून बसत. अक्का म्हणाल्या, दोघंही कुणाच्या तरी परीक्षेच्या निकालाला बसल्यासारखी दिसतात, पण पेपर कुणी लिहिलाय तेच माहीत नाही.

निकालाच्या दिवशी मी, अक्का आणि वैदेही बाहेर बाकावर होतो. अण्णा आत गेले, बाहेर आले, आणि त्यांच्या मागून डॉक्टरीणबाई. त्याच बोलल्या. ‘उतरल्या. भिंती उतरल्या. हे पळण्याचंच होतं.’

वैदेही खाली बसली. जमिनीवरच. तोंड झाकून रडायला लागली. अक्कांनी देवाचं नाव घेतलं. मी त्या आनंदात पेपर, फायली, पर्स गोळा करत होते, आणि अण्णांकडे माझं लक्ष गेलं. ते हातातल्या दोन चित्रांकडे बघत होते, आधीचं आणि आताचं. जवळ धरून, धूसर डोळा मिटून.

‘चाळीस वर्षं भिंत बांधली,’ ते मला म्हणाले, हळूच, मुलीला ऐकू जाणार नाही असं. ‘ती माझी होती हे कळलं, पण गेल्यावर.’

‘सगळं नाही गेलं,’ बाई म्हणाल्या. त्यांचे कान तिखट होते. ‘भिंती पातळ झाल्या. पण कप्पा अजून थोडा मोठाच आहे. खूप वर्षं पळणाऱ्यांचा कधीकधी तसाच राहतो.’

अण्णांनी चित्र पुन्हा जवळ धरलं. ‘म्हणजे भिंत गेली आणि खोली राहिली?’

‘थोडंफार तसंच.’

‘सरी,’ अण्णा म्हणाले. ‘परत पळालो तर?’

‘पळा. पण इतकं नको. इतकी वर्षं इतकं पळणाऱ्यांच्या वरच्या कप्प्यांची लय उतारवयात बिघडते कधीकधी. तुम्हाला कमावायचं होतं ते कमावून झालं आहे.’

मोतीबिंदू निघाला. अण्णा परत पळायला लागले, आमच्यातही सर्वांत मागे, राव सरांच्या शेजारी. पहिल्या दिवशी त्यांनी आकडा पुन्हा सांगितला. तो अगदी आमच्यासारखा होता. राव सर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, ‘या अण्णा. आमच्यात जागा करून ठेवली होती.’ सगळ्यांत मोठ्याने अण्णा हसले. पण ती कळशीची गोष्ट त्यांनी पुन्हा कुणाला सांगितली नाही. नवीन माणूस आला तर मी सांगायचे.

पळायला लागली नाही ती वैदेही.

‘आता पळ,’ अण्णा तिला दवाखान्याच्या जिन्यातच म्हणाले होते. ती हो म्हणाली होती. मग काम होतं, मग सर्दी होती, मग पाऊस होता. एकदा तिने मला खरं सांगितलं. ‘काकू, बूट बांधायला बसले की मला ते खाटेवर पडून नाडी मोजताना दिसतात. अण्णांनी माझ्यासाठी थांबवलं, आणि त्यांचं ते परत आलंच नाही. माझं मात्र सगळं शाबूत. मी कुठल्या तोंडाने पळू?’

‘त्यांना हे सांगितलंस?’

‘सांगितलं. ते म्हणाले, गरम आहेस, मोजू नकोस.’

दोन वर्षांनी अण्णांना जे झालं त्याचा हृदयाशी संबंध नव्हता. पोटाचं दुखणं होतं, उशिरा कळलं आणि लवकर आटोपलं. शेवटच्या आठवड्यात मी भेटायला गेले, तेव्हा बाकी काही धड चालत नव्हतं, पण खाटेवरच्या यंत्रात हिरवी रेघ एकसारखी उड्या मारत होती. ‘हार्ट फार चांगलं आहे हो यांचं,’ ड्यूटीवरचा पोरगेला डॉक्टर म्हणाला. अण्णांनी त्याचं मनगट धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. ‘डॉक्टर, झोप कमी पडते तुम्हाला,’ ते म्हणाले. तो डॉक्टर खजील होऊन हसला आणि त्यांनी सोडेपर्यंत हात तसाच राहू दिला.

मग माझ्याकडे वळून, ‘सेक्रेटरी, यादीत घ्या. वैदेहीला टँकवर आणायचं.’

‘घेतलं.’

‘घाई नाही. पण आणायचं.’

तर फेब्रुवारीतला तो रविवार. पहिला विषय: मिनिट कोण लावणार. निनाद म्हणाला, त्याच्या मनगटावरचं घड्याळ आपोआप सगळं मोजतं. पण मिनिट घड्याळाने लावावं हे त्यालाही नको होतंच. राव सर म्हणाले, ‘अक्का लावतील.’ अक्का म्हणाल्या, ‘मला काय कळतं त्यातलं?’ पण हात पुढे केला. मी स्टॉपवॉच पिशवीतून काढलं, किल्ली दिली, त्यांच्या तळव्यावर ठेवलं. त्यांनी ते कानाशी नेऊन ऐकलं आणि मग दाबलं.

आम्ही माना खाली घातल्या. बोटांखाली आपापलं चाललं होतं. टँकवरून बदकांचा आवाज आला. अण्णांची उभी राहायची जागा आम्ही कुणीच भरली नव्हती. त्या मोकळ्या जागेतून मला गेट दिसत होतं, गेटबाहेर गाडी, गाडीची खाली केलेली काच. आतमध्ये वैदेही मान खाली घालून बसली होती, आणि तिची दोन बोटं मनगटावर होती.

‘आय्तु,’ अक्का म्हणाल्या. हुबेहूब.

आकडे झाले. दुसऱ्या विषयाला वेळ लागला नाही. स्टॉपवॉच वैदेहीकडे द्यायचं, सगळ्यांनी एका आवाजात सांगितलं. मी ते घेऊन गाडीपाशी गेले आणि खिडकीतून तिच्या हातात दिलं.

‘किती आला?’ मी विचारलं.

तिने स्टॉपवॉच उलटसुलट करून बघितलं. ‘मध्येच चुकले, काकू. पहिल्यापासून मोजावं लागेल.’

‘कधी?’

‘बघते,’ ती म्हणाली. अक्का हळूहळू येऊन गाडीत बसल्या. गाडी वळली आणि उतारावरून गेली. मागच्या सीटखाली बुटांची एक जोडी मला खिडकीतून दिसली होती, नाड्या अजून दुकानात बांधतात तशा, एकमेकींत बांधलेल्या.

घरी येऊन मी त्या दिवसाची यादी पुरी केली. मिनिट: अक्का. स्टॉपवॉच: दिलं. वैदेहीला टँकवर आणणं: बाकी.